दिसले ते कुणी घडविले?

(बी. कॉम. भाग २ मधील एका विद्यार्थ्याकडून)

आपल्या मराठीत 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' अशी म्हण आहे. डोळ्यांना दिसले की वाद मिटला, असा तिचा रोख. आता याच अंकाची पाने उलटून कन्नड विभागाकडे गेलात, तर तिकडच्या मंडळींची म्हण नेमकी उलट सांगते : 'प्रत्यक्ष कंडरू प्रमाणिसि नोडु.' म्हणजे, प्रत्यक्ष पाहिलेस तरी पडताळून पाहा. एकाच वर्गात, एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या या दोन भाषांनी एका प्रश्नाची अशी दोन टोके धरावीत याची मला नेहमी गंमत वाटते. एरवी मी मराठीची बाजू सहजासहजी सोडणारा नव्हे. सीमेवरच्या गावात वाढलेल्या मुलाकडून ती अपेक्षाही कुणी करू नये! पण गेले काही महिने एका विषयाचे जे वाचन केले, त्यानंतर या एका बाबतीत तरी माझे मत कन्नड म्हणीच्या पेटीत टाकावे लागत आहे. तो विषय म्हणजे, प्रकाशामुळे द्रवात घडणाऱ्या रासायनिक अभिक्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहणे.

'वाणिज्य शाखेच्या पोराला हे नसते उद्योग कुणी सांगितले?' असे विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील. एकाने म्हटलेही. त्याला मी सांगितले की, बाबा रे, यातले रसायन तुझे, पण यातला खरा तंटा आमचा आहे. तंटा आहे तो कोणती रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची याचा. खतावणी लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्य याच प्रश्नात जाते.

प्रकाशाने पदार्थ बदलतो ही गोष्ट काही नवी नाही. दोरीवर महिनाभर वाळलेल्या रंगीत कापडाचा रंग विटतो. औषधाच्या दुकानात काही बाटल्या मुद्दाम तपकिरी काचेच्या असतात. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात सिल्व्हर नायट्रेटची बाटली अशीच काळोखात ठेवलेली असे, आणि त्याचा थेंब बोटाला लागला की दुसऱ्या दिवशी तेथे काळा डाग उमटे. चांदीच्या क्षारावर प्रकाश पडला की त्यातील चांदी मोकळी होते आणि अतिबारीक कणांची ती चांदी काळी दिसते, इतके आम्हांला मराठी माध्यमाच्या पुस्तकातही मिळाले होते.

या काळ्या डागाचा माग प्रथम ज्याने नीट काढला त्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. योहान हाइनरिश शुल्त्स नावाचा एक जर्मन विद्वान अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंधारात चमकणारा एक पदार्थ तयार करण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी त्याने खडूच्या भुकटीत नायट्रिक आम्ल घातले. त्या आम्लात आधीपासून थोडी चांदी विरघळलेली होती. हे काम खिडकीजवळ चालले होते, आणि मिश्रणाची उन्हाकडची बाजू तेवढी काळपट पडली. दुसरा कोणी असता तर 'उन्हाने काळे झाले' असे लिहून मोकळा झाला असता. पण ऊन म्हणजे उजेडही आणि ऊबही. यांतल्या कोणाचे हे काम? शुल्त्सने तेच मिश्रण उजेडाविना नुसत्या उष्णतेत ठेवून पाहिले. ते काळे झाले नाही. मग त्याने बाटलीवर अक्षरे कापलेला कागद चिकटवून ती उन्हात ठेवली, तेव्हा आतल्या साक्यावर तीच अक्षरे काळ्या रंगात उमटली. छायाचित्रणाच्या इतिहासात त्या अक्षरांचे कौतुक होते. मला त्या अक्षरांपेक्षा, काहीही न घडलेली ती गरम बाटली मोठी वाटते. ती नसती तर अक्षरांवरून फार काही सिद्ध झाले नसते.

आता तीनशे वर्षे ओलांडून आजच्या प्रयोगशाळेत येऊ. शुल्त्सला डाग दिसला, पण चांदीचा पहिला कण कोठे बसला, तो कसा वाढला हे त्याला दिसणे शक्य नव्हते. साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि तिच्यापेक्षा फार लहान वस्तू त्या प्रकाशात स्पष्ट होत नाही. बर्लिनमध्ये १९३१ साली माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून प्रतिमा मोठी करून दाखविली. रुस्काला त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला तो १९८६ साली. म्हणजे पंचावन्न वर्षांनी! वेगवान इलेक्ट्रॉनची तरंगलांबी इतकी कमी असते की त्यांच्या साहाय्याने अणूंच्या रांगादेखील दिसू शकतात.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. इलेक्ट्रॉन हवेतून नीट जात नाहीत, वाटेतल्या रेणूंवर आपटून विखुरतात. म्हणून यंत्राच्या आत निर्वात करावा लागतो. आणि निर्वातात पाण्याचा थेंब ठेवला की तो उकळून उडून जातो. रसायनशास्त्रातला निम्माअधिक संसार पाण्यात चालतो, आणि सर्वांत तीक्ष्ण डोळा मात्र पाण्याला घरात घेत नाही, अशी ही गोष्ट.

यावर तोडगा निघाला तो बंद डबीचा. सिलिकॉनच्या दोन चकत्या घ्यायच्या. प्रत्येकीत सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्याची खिडकी ठेवायची. पडद्याची जाडी काही दशक नॅनोमीटर. आपला एक केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हिशेब करा. दोन खिडक्यांमध्ये द्रवाचा पातळ थर कोंडायचा आणि इलेक्ट्रॉनचा झोत आरपार सोडायचा. आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेतील फ्रान्सिस रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली अशा डबीत विद्युत्प्रवाहाने तांब्याचे कण बसत असताना पाहिले. बर्कलीच्या संशोधकांनी २००९ साली प्लॅटिनमचे स्फटिक द्रवात वाढताना, एकमेकांना चिकटताना दाखविले. पुढे २०१२ साली ग्राफीनच्या दोन पापुद्र्यांत द्रवाचा कप्पा कोंडून आणखी स्पष्ट पाहता आले.

यात प्रकाशाची भर घालायची म्हणजे नमुना धरणाऱ्या दांड्यातून प्रकाशतंतू आत न्यायचा, किंवा यंत्राच्या बाजूने लेसरचा किरण डबीवर पाडायचा. आता डबीत टायटॅनियम डायऑक्साइडचे कण ठेवा. हा पदार्थ आपल्या पांढऱ्या रंगात असतो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे घटक वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून 'उन्हापासून इंधन' या स्वप्नाच्या मागे जग लागले आहे. २०१८ साली चीनमधील संशोधकांनी याच पदार्थाचे पाण्यातले कण अतिनील प्रकाशात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागण्याआधी कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन मुरलेला एक थर तयार होतो, असे त्यांना आढळले.

येथे कोणालाही टाळी वाजवावीशी वाटेल. मलाही वाटली. पण टाळी वाजविण्यापूर्वी एक हिशेब पाहावा लागतो.

अतिनील प्रकाशाच्या एका कणाजवळ, म्हणजे फोटॉनजवळ, साधारण ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा असते. टायटॅनियम डायऑक्साइडला जागे करायला सुमारे ३.२ पुरतात. सूक्ष्मदर्शकातला एकेक इलेक्ट्रॉन मात्र २,००,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन येतो. म्हणजे ५० हजार पट! ही सारी रक्कम तो पाण्यात खर्च करीत नाही हे खरे. बहुतेक इलेक्ट्रॉन किरकोळ काही देऊन पार निघून जातात. पण त्यांची किरकोळ देणगीदेखील किती व्हावी? एका चौरस नॅनोमीटरवर एकच इलेक्ट्रॉन पडला असे धरले, तर पाण्याला मिळणारी विकिरणाची मात्रा येते सुमारे ४५ हजार ग्रे. इस्पितळातल्या सुया-सिरिंज गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात तेव्हा साधारण २५ हजार ग्रे देतात. माणसाच्या सर्वांगाला ४-५ ग्रे लागले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसे दगावतात. आणि एका चौरस नॅनोमीटरला एक इलेक्ट्रॉन एवढ्यात चांगले चित्र निघतही नाही. त्याला दहापट, शंभरपट, कधी त्याहूनही जास्त लागतात. हा हिशेब मी विज्ञान शाखेच्या मित्राकडून दोनदा तपासून घेतला. तो सुद्धा थोडा वेळ गप्प बसला.

अशा माऱ्याखाली पाणी पाणी राहत नाही. त्याचे रेणू फुटतात. त्यातून सुटे इलेक्ट्रॉन निघतात, हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चिडखोर मूलक निघतात, हायड्रोजन वायू निघतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पाणी आम्लधर्मी होत जाते. आणि प्रकाश टायटॅनियम डायऑक्साइडवर पडल्यावर काय करतो? तोही इलेक्ट्रॉन सुटा करतो, आणि इलेक्ट्रॉन गेल्याने पडलेली रिकामी जागा पाण्यापासून तेच हायड्रॉक्सिल मूलक घडवू शकते. म्हणजे दोन संशयित आहेत आणि दोघांच्या हाती हत्यार तेच आहे.

शुल्त्सची चांदी पुन्हा घेऊ, म्हणजे मुद्दा नीट दिसेल. डबीत टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आणि सिल्व्हर नायट्रेटचे पाणी घातले. अतिनील दिवा लावला. पडद्यावर पांढऱ्याशा कणांच्या कडेला काळे ठिपके उगवले आणि वाढू लागले. चित्र स्पष्ट आहे, चलच्चित्र घेतले आहे, कोणीही पाहावे. प्रकाशाने सुटा केलेला इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाला मिळाला आणि चांदी बसली, हे स्पष्टीकरणही पुस्तकातले, बिनचूक. पण झोताने पाण्यातून सोडविलेला इलेक्ट्रॉनही चांदीच्या आयनाला तसाच मिळतो आणि तशीच चांदी बसते. ठिपक्यावर कोणाची सही नसते. गल्ला मोजायला आलेल्या ऑडिटरने मोजता मोजता आपल्या खिशातल्या नोटा त्यात मिसळाव्यात आणि शेवटी 'धंदा छान चालला आहे' असा दाखला द्यावा, तसा हा प्रकार होऊन बसतो. ऑडिटर लबाड असतो असे माझे म्हणणे नाही. त्याच्या खिशाला भोक आहे, आणि त्याशिवाय त्याला मोजताच येत नाही.

'सोपे आहे,' मित्र म्हणाला. 'दिवा न लावता नुसता झोत सोडून किती ठिपके येतात ते मोज. मग दोन्ही चालू ठेवून मोज. वजाबाकी कर. राहील ते प्रकाशाचे.'

पहिल्या वर्षी असतो तर मीही हेच म्हटले असते. पण आम्हांला कॉस्टिंगमध्ये एक प्रकरण आहे, जोड उत्पादनांच्या खर्चाचे. एका पिंपातल्या कच्च्या तेलातून पेट्रोलही निघते आणि रॉकेलही. पिंपाच्या किमतीतला पेट्रोलचा वाटा किती? याला खरे उत्तरच नाही. कोणती तरी पद्धत ठरवून वाटणी करायची असते, आणि ती पद्धत सांगावी लागते. प्रकाश आणि झोत यांचे अगदी असेच होऊ शकते. झोताने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केले. नुसते ते काही काळ तसेच राहिले असते. पण वर अतिनील दिवा आहे, आणि अतिनील प्रकाश पेरॉक्साइडचा एक रेणू फोडून त्यातून दोन हायड्रॉक्सिल मूलक काढतो. आता हे दोन मूलक कोणाच्या खात्यावर? दिवा बंद असता तर ते निघाले नसते, म्हणून वजाबाकीच्या पद्धतीने ते प्रकाशाच्या नावे जमा होतील. पण झोत नसता तर फोडायला पेरॉक्साइडच नसते! वजाबाकी दोघे आपापली कामे वेगवेगळी करीत असतील तेव्हाच खरी. दोघे भागीदारीत असतील तर उत्तर पुस्तकी निघते आणि खोटे असते.

म्हणून या विषयात खरे काम करणारी माणसे एका वजाबाकीवर थांबत नाहीत. दिवा बंद, झोत चालू, हा एक प्रयोग. दिवा चालू, झोत बंद, आणि अगदी शेवटी एकदाच डोकावून काय झाले ते पाहायचे, हा दुसरा. दोन्ही बंद, हा तिसरा, सर्वांत कंटाळवाणा. दोन्ही चालू, हा चौथा, ज्याचे चित्र छापले जाते. त्याशिवाय झोत डबीच्या खिडकीचा एक लहानसा तुकडाच उजळतो, प्रकाश मात्र सगळ्या खिडकीवर पडतो, याचाही फायदा घेता येतो. झोत जेथे कधीच गेला नाही त्या कोपऱ्यात शेवटी जाऊन पाहायचे. तेथेही ठिपके असतील तर प्रकाशाची बाजू बळकट. अर्थात पेरॉक्साइड आणि हायड्रोजन द्रवात पसरत जातात, तेव्हा तो कोपराही संपूर्ण निष्कलंक असतो असे नाही. हायड्रॉक्सिल मूलकांना खाऊन टाकणारा एखादा पदार्थ, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधीच पाण्यात घालता येतो. पण तो प्रकाशाने निर्माण केलेले मूलकही खाणार. खाणाऱ्याला दोहोंतला फरक कोठून कळावा? शेवटी तेच कण, तेच द्रावण काचेच्या भांड्यात घेऊन टेबलावर त्याच दिव्याखाली ठेवायचे आणि निष्पन्न जुळते का ते पाहायचे. इतक्या पातळ थरात कोंडलेला द्रव आणि भांड्यातला मोकळा द्रव सारखा वागतोच असे नाही, ही त्यातली आणखी एक अडचण.

२०१८ च्या त्या प्रयोगाकडे मी याच नजरेने पाहतो. झोतानेही पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे होतात. त्यावर २०१४ साली स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा बुडबुडा दिसला एवढ्यावर कोणी भागवू नये. मला त्या चिनी संशोधकांवर शंका घ्यायची नाही. हा प्रश्न त्यांनाच नव्हे, असा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला पडतो आणि पडलाच पाहिजे. चिंता वाटते ती आपल्यासारख्या वाचणाऱ्यांची. 'उन्हापासून हायड्रोजन निघताना प्रत्यक्ष पाहिला' असे शीर्षक वर्तमानपत्रात आले की आपण चित्राकडे पाहून मान डोलावतो. उद्या अशा चित्राच्या जोरावर कोणी भांडवल मागायला आला आणि त्यातला निम्मा हायड्रोजन २ लाख व्होल्टच्या झोताने काढलेला असला, तर कारखान्याच्या छपरावर पडणारे ऊन काही तो काढून देणार नाही. मग नुकसान त्या सूक्ष्मदर्शकाचे होणार नाही.

याच्या उलट, आपल्या खिशातल्या नोटा उघड सांगणारा ऑडिटरही या विषयात सापडतो, आणि त्याचा मला आदर वाटतो. बर्कलीच्या २००९ च्या प्रयोगात प्लॅटिनमचे क्षार कमी करून धातू बनविण्याचे काम झोतच करीत होता. तेथे झोत हा प्रेक्षक नव्हताच, तो प्रयोगातला एक अभिकारक होता, आणि तसेच मांडले गेले. त्यामुळे स्फटिक कसे वाढतात, कसे जुळतात याबद्दल जे दिसले ते उपयोगाचे ठरले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अहमद झेवैल यांच्या प्रयोगशाळेने आणखी वेगळी वाट काढली. झेवैल हे मूळचे इजिप्तचे, अतिशीघ्र अभिक्रियांच्या अभ्यासाबद्दल त्यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेथे झोत सतत न सोडता तो लहान लहान स्पंदांत सोडला. आधी लेसरचा एक झटका, मग ठराविक विलंबाने इलेक्ट्रॉनचे स्पंद. विलंब बदलत गेले की घटनेची एकेक पायरी दिसते. पाण्यातले सोन्याचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाचा झटका बसताच कसे फिरतात हे त्यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केले, झेवैल यांच्या निधनानंतर. यातली खुबी अशी की प्रकाशाचा झटका आणि कणाची हालचाल यांचे वेळापत्रक जुळते. ज्या परिणामाचे घड्याळ दिव्याच्या घड्याळाबरोबर चालते, तो दिव्याच्या खात्यावर टाकायला मन धजावते. मात्र फिरणे ही रासायनिक अभिक्रिया नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी एक जुनी आणि शहाणी वाट म्हणजे आधी घडू द्यायचे, मग गोठवायचे, मग पाहायचे. पाणी इतक्या झपाट्याने गोठवायचे की त्याला बर्फाचे स्फटिक करायलाही फुरसत मिळू नये. या तंत्राच्या उभारणीबद्दल झाक द्युबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे नोबेल मिळाले. द्रावणावर हवा तितका वेळ प्रकाश पाडावा, नेमक्या क्षणी ते द्रवरूप इथेनमध्ये बुडवावे आणि मग झोत लावावा. झोत आला तेव्हा अभिक्रिया होऊन गेलेली असते. काही नुकसान झालेच तर ते गोठलेल्या नमुन्याचे. पण ही ३१ मार्चच्या ताळेबंदासारखी गोष्ट झाली. त्या दिवशी काय शिल्लक होते ते समजते, वर्षभर पैसा कसा फिरला ते समजत नाही. त्याला रोजकीर्दच हवी, आणि रोजकीर्द म्हणजे ती वाहत्या द्रवाची डबी. मला विचाराल तर दोन्ही वह्या ठेवाव्यात आणि एकीचा आकडा दुसरीशी ताडून पाहावा. आमच्या आजोबांच्या किराणा दुकानात याहून फारसे वेगळे चालत नसे.

'मग तुझ्या मते त्या डबीत पाहिलेले सगळेच फोल?' असे मित्राने चिडून विचारले. मुळीच नाही. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रावर वर्षानुवर्षे बसून ज्यांनी पाण्याला निर्वातात बसविले, त्यांना फोल म्हणायची माझी प्राज्ञा नाही. माझे मागणे लहान आहे. अशा प्रत्येक चित्राखाली झोताची मात्रा किती होती हा आकडा हवा आणि शेजारी दिवा बंद असतानाचे चित्र त्याच आकारात छापलेले हवे. कंपनीचा ताळेबंद जसा टिपांशिवाय पुरा होत नाही, तसे. पुष्कळ संशोधक मात्रा देतातच. पण ती दूर कोठे तरी पुरवणीत असते आणि चित्र मुखपृष्ठावर असते.

आणि हे मागणे मी परदेशी शास्त्रज्ञांकडे करतो आहे असे कोणी समजू नये. त्यांना माझा लेख वाचायला वेळ नाही, मराठी तर नाहीच. मला सांगायचे आहे ते येथल्या इमारतीतल्या मित्रांना. विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये 'ब्लँक' नावाचा एक रकाना असतो. नमुना न घालता तोच प्रयोग करून आलेले वाचन त्यात लिहायचे असते. हा रकाना कसा भरला जातो हे मी वसतिगृहात पुष्कळदा पाहिले आहे. प्रयोगशाळेत नव्हे, रात्री कॉटवर, शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये बघून, आणि उत्तर बरोबर यावे म्हणून शेवटचा आकडा मागेपुढे सरकवून. मुलांना दोष देऊन काही होणार नाही. तीन तासांत प्रयोग उरकायचा, ब्युरेट तिघांत एक, आणि गुण मिळतात ते उत्तराला. रिकाम्या वाचनाला गुण नाहीत. ज्याला गुण नाहीत ते कोण करील? वाणिज्य शाखेतही हेच आहे, बरे का. ताळेबंद जुळला की पूर्ण गुण, मग मधली दोनशे रुपयांची तफावत सस्पेन्स खात्यात ढकललेली का असेना. फरक एवढाच की आमच्याकडे निदान त्या खात्याला 'सस्पेन्स' असे उघड नाव तरी आहे.

माझे म्हणणे असे की वीस गुणांच्या प्रात्यक्षिकात पाच गुण नुसत्या ब्लँकला ठेवावेत, आणि तो परीक्षकासमोर करून दाखवावा. अभ्यासक्रम बदलणे आपल्या महाविद्यालयाच्या हाती नाही, हे मला ठाऊक आहे. विज्ञान मंडळाचे प्रदर्शन मात्र आपल्या हाती आहे. तेथे दरवर्षी रंगीत तक्ते आणि फिरणारी प्रतिकृती यांना बक्षिसे मिळतात. यंदा एक टेबल असे मांडावे, खर्च फारसा नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी घातले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका मिळतो, दहावीच्या पुस्तकातलाच. तो तीन परीक्षानळ्यांत वाटून घ्यावा. एक नळी उघडी, उन्हात. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून त्याच उन्हात, पहिलीच्या शेजारी. तिसरी अंधाऱ्या कपाटात, गरम पाण्याच्या भांड्यात. फेब्रुवारीतल्या आपल्याकडच्या उन्हाला फार वेळ लागणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीवरचा कागद व कपाटाचे दार मात्र पाहुण्यांच्या समोरच उघडावे, आधी नाही.